ठेवून घेतलेली पाटी

आई, आज इथल्या, दुबईतल्या आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगचा नेपाळी वॉचमन लिफ्टपाशी खाली मान घालून उभा होता आणि मला एकदम तुझं ते पाट्यांचं कपाट आठवलं. त्याची मुलगी तिकडे नेपाळमध्ये एका संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकते. आई नाही तिला. राहणं, जेवण, शाळा सगळं संस्था बघते. आम्ही मजल्यावरच्या बायका वर्षातून एकदा मुलीसाठी खोका भरून देतो, तो घरी सामान पाठवतो त्या कार्गोबरोबर जातो. यंदा दसऱ्याच्या सुट्टीत ती आजीकडे जाणार होती. सणाला मुलीच्या हातात नवं काही असावं, म्हणून खोका वसतिगृहाऐवजी गावीच पाठव, असं मीच त्याला सांगितलं. दप्तर, बूट, स्वेटर, रंगांची मोठी पेटी. मोठ्या हौसेने भरला होता गं. सुट्टी संपली, सगळी मुलं परत आली, ती आलीच नाही.

"नानी बोलती है, सब सामान तो घर आ गया, अब उधर किसलिए जाना," तो म्हणाला. "घर का काम भी है ना, मॅडम. मैं इधर से कितना बोलूँ? फोन रख देती है."

"आ जाएगी, इन्शाल्ला," इथल्या सवयीने मी म्हटलं. तोही इन्शाल्ला म्हणाला आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन त्याने लिफ्टचं बटण दाबलं. इतकी शरम वाटली मला.

तुझ्या शाळेत दिवाळीनंतर ती मुलं यायची. आईबाप आंब्याच्या बागा राखायला आलेले, मुलं कलमांखाली खेळत असायची. तू बागेत जाऊन त्यांना हाताला धरून आणायचीस, केस विंचरून वर्गात बसवायचीस, दुपारी आपल्याच स्वयंपाकघरात पेज वाढायचीस. आणि आंबा संपून ती गावी निघाली की प्रत्येकाची पाटी काढून घ्यायचीस. मुलं रडतायत आणि तू शांतपणे पाट्या कपाटात रचते आहेस, हे मला अजून दिसतं. मी चिडून म्हटलं होतं, देऊन टाक ना, काय जातंय तुझं? तू माझ्यावर केवढी ओरडलीस. "देऊन टाकली की माझं बरं वाटून होईल. ती पुन्हा शाळेत कशाला येतील?" मग दिवाळीनंतर कुणी दारात येऊन "बाई, पाटी" म्हणालं की दिवसभर तुझा आवाज वेगळाच असायचा. कपाटात काही पाट्या तशाच राहिल्या. त्या तू दुसऱ्या कुणाला कधी दिल्या नाहीस.

मी दुबईला निघाले तेव्हा माझ्या बॅगेतून तू माझा नाव घातलेला स्टीलचा पेला काढून घेतलास. "हा राहू दे इथे. येशील तेव्हा पाणी प्यायला." मी हसले. तिथे काय पेले मिळत नाहीत, म्हणाले. इथे आल्या आल्या सहा पेल्यांचा सेट घेतला आणि तुला फोनवर कौतुकाने सांगितलाही. तू "बरं झालं" म्हणालीस. पुढे कधी रजा नाही, कधी मुलांच्या परीक्षा, कधी तिकीट महाग, असं करत माझं येणं लांबत गेलं, आणि आले ती तुझ्या तेराव्याला.

वॉचमन उद्या वसतिगृहाच्या बाईंशी बोलणार आहे. काय सांगायचं ते मी त्याला सांगीन: मुलीची एखादी वस्तू तिथे राहिली असेल तर ती कुणाला देऊ नका, आणि वस्तू तिथेच आहे हे तिला कळवा. एवढंच येतं मला तुझ्यातलं, तेही इतक्या उशिरा.

हे कुठे पाठवणार? पण एक सांगायचं राहिलंय. तेराव्याला सगळे मला म्हणाले, "आठवण म्हणून तुझ्या नावाचा पेला तरी घेऊन जा." मी हातात घेतला, पुसला, आणि परत फळीवर ठेवला.