मायलेकींचा परवाना

९ फेब्रुवारी

पुन्हा बसणार! परवान्याच्या परीक्षेला पुन्हा बसणार म्हणजे बसणार. फॉर्म भरून टाकला. गेल्या खेपेला नापास झाले, त्यात मेले तर नाही ना? इतकी वर्षं वॉर्डात आया म्हणून राबले, चाळिशीत नर्सिंगचा कोर्स केला, तो काय प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला? परवाना नाही तर नर्स नाही. या वेळीही गेली तर पुन्हा आयाच. मोठ्या सिस्टरनी, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या प्रमुखांनी, स्पष्टच सांगितलंय — "बाई, तुमच्यासाठी नर्सची जागा मी किती दिवस अडवून ठेवू?"

गंमत म्हणजे या वेळी लेकही बसणार आहे. तिची पहिलीच खेप. एकच दिवस, एकच केंद्र. सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं. पोरगी पास झाली की तुझं नापास होणं कुणाच्या लक्षात येणार नाही."

बघतेच आता!

१२ फेब्रुवारी

पुस्तक उघडलं की तळहात ओले. ट्रेनिंगमध्ये लहान मुलांच्या बारीक शिरा शोधल्या, तेव्हा हात हलला नाही. आणि छापील प्रश्न बघून थरथरतो! लाज वाटते. राग त्याहून जास्त येतो.

१५ फेब्रुवारी

लेक शिकवते मला. काय तो रुबाब! पेन्सिल टेबलावर आपटत — "आई, वॉर्डातलं उत्तर देऊ नकोस. पुस्तकातलं दे."

प्रश्न असा. चार पेशंट. एक पाय दुखतो म्हणून ओरडतोय, एक पाणी मागतोय, एकाला घरी जायचंय, आणि एक मघापर्यंत बोलत होता तो गप्प झालाय. आधी कोणाकडे जाल? मी म्हटलं, ओरडणाऱ्याकडे! आमच्याकडे रिवाजच आहे तो. त्याला शांत केलं नाही तर अख्खा वॉर्ड उठून बसतो आणि नातेवाईक तक्रार करायला धावतात.

"चूक. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प झालेला आधी."

बरोबर आहे कार्टीचं. गेल्या वेळी असेच प्रश्न घालवले असणार मी. ज्या अनुभवाची एवढी घमेंड, त्यानेच खड्ड्यात घातलं.

१८ फेब्रुवारी

म्हटलं, ड्यूटीवरच सराव करू. चार नंबर बोंबलत होता. त्याला ओलांडून थेट सात नंबरकडे गेले, बराच वेळ आवाज नव्हता म्हणून. त्याच्या खांद्याला हात लावला. गडी मस्त झोपला होता! खेकसला माझ्यावर. तिकडून मोठ्या सिस्टर — "चार नंबर घसा फोडतोय आणि तुम्ही झोपलेल्याला उठवताय?"

म्हटलं, "परीक्षेत याला मार्क आहेत."

हसल्या नाहीत. मी मात्र कपड्यांच्या खोलीत जाऊन पोटभर हसले.

२० फेब्रुवारी

सासूबाई: "या वयात कशाला जिवाला घोर?" वय माझं. जीवही माझा.

२४ फेब्रुवारी

आज त्याच कपड्यांच्या खोलीत हसू नव्हतं. हॉलतिकीट आलंय असा घरून फोन आला आणि छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. मग पेशंटला सांगते तेच स्वतःला सांगितलं — नाकाने घ्या, तोंडाने सोडा, सावकाश. हे सांगताना मला कायम वाटायचं, उगाच आपलं काहीतरी बोलायचं. उपयोग होतो की! उठले, चादरी घातल्या. ये म्हणावं परीक्षेला. मी कुठे पळून जात नाही.

जेवताना लेकीला सगळं सांगितलं. विचारलं, "तुला कसं गं काहीच होत नाही?"

"मला काय व्हायचंय?" म्हणाली आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठली. बारीक व्हायचं खूळ! हल्लीच्या पोरींना जेवण म्हणजे शत्रू.

३ मार्च

झाली. दिली. सुटले!

सुरुवातीला माऊस धरवेना. पडद्यावरचा बाण नुसता लटपटत होता. मनात परीक्षेला म्हटलं, बये, तू काय माझा जीव घेणार, मी तुझ्याहून भयंकर नातेवाईक बघितलेत. मग हात ठिकाणावर आला. एकेका प्रश्नाशी भांडलेच. वॉर्डातलं उत्तर ओठांवर यायचं, त्याला मागे ढकलायचं, पुस्तकातलं पुढे आणायचं. मान आखडली.

बाहेर आले तर लेक आधीच पायरीवर बसलेली. "पेपर सोपा गेला ना?" म्हटलं. "हं," म्हणाली. बसमध्ये घरापर्यंत माझी टकळी चालू. ती खिडकीबाहेर बघत होती. हुशार मुलांना परीक्षेचं कौतुक नसतंच मुळी.

११ मार्च

निकाल नाही. मोठ्या सिस्टर रोज विचारतात. रोज सांगते, "येईल तेव्हा येईल." आवाज खणखणीत ठेवते. पाय मात्र टेबलाखाली नाचत असतात.

१७ मार्च

मी पास. लेक नापास.

तिच्या खोलीत गेले. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "तुला शिकवताना सगळं यायचं, आई. एकटी बसले की अक्षर दिसायचं नाही." म्हटलं, "कधीपासून?" "फॉर्म भरला तेव्हापासून." एकाच टेबलावर बसत होतो आम्ही, आणि मी आपली माझ्याच धडधडीचं कौतुक सांगत बसले! जीव तुटला. तिला सरकवलं आणि शेजारी आडवी झाले.

सासूबाई दारात आल्या. "आता लोकांना काय सांगायचं?"

म्हटलं, "सांगा, आमच्या घरातली परीक्षा अर्धी झालीय, अर्धी राहिलीय." आणि दार लावून घेतलं.