तुटण्यासाठी बसवलेला बोल्ट

हॅनोव्हरच्या उत्तरेला, मार्चअखेर

प्रिय विलास,

पाकिटावरचे माझे अक्षर पाहून तू ते बाजूला ठेवले असशील आणि दोन दिवसांनी उघडले असशील, असा माझा अंदाज आहे. भोसरीच्या कारखान्यातल्या त्या प्रेस-यंत्राच्या अहवालाला आता अठ्ठावीस वर्षे झाली. तेव्हापासून आपल्या दोन घरांत दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही गेले-आले नाही, आणि त्याही आमची उल्का आणि कुंदावहिनी एकमेकींना पाठवतात. त्या अहवालाने तुझी नोकरी गेली आणि मला जर्मनी मिळाली. हे दोघांनाही ठाऊक असून आपण त्यावर एक शब्द बोललो नाही. आज मी तुला एका नांगराविषयी लिहिणार आहे. कंटाळलास तरी शेवटपर्यंत वाच, एवढीच विनंती.

आम्ही शहरातले घर सोडून उत्तरेकडच्या एका खेड्यात राहायला आलो, हे तुला वहिनींकडून कळले असेल. खाली घरमालकीण राहतात, हाइकेबाई, वय त्र्याहत्तर. त्यांना नावाने हाक मारायची परवानगी मला तीन वर्षांनी मिळाली. तोवर मी 'फ्राउ ल्यूडेमान', म्हणजे ल्यूडेमानबाई, म्हणत होतो आणि त्या मला 'हेर इंजेनिअर', इंजिनिअरसाहेब. त्यांची पाच एकर रेताड जमीन दुसऱ्याला कसायला दिलेली होती. त्याने ती गेल्या वर्षी सोडली आणि बाईंनी ठरवले की, यंदा ओट आपणच पेरायचे. ट्रॅक्टर होता, त्यांच्या नवऱ्याने जपलेला. नांगर मात्र गोठ्यामागच्या काटेरी झुडपांत वीस वर्षे पडून होता, दोन फाळांचा, गंजून एकजीव झालेला. नवा घ्यायचा तर काही हजार युरो. बाई म्हणाल्या, तीनशे देते, त्यावर एक सेंट नाही. मी नुकताच मुदतीआधीची निवृत्ती घेऊन घरी बसलो होतो. उल्काने त्यांना सांगून टाकले, द्या हो ह्यांना तो नांगर, नाहीतर हे माझ्या कुकरची शिट्टी उघडून बसतील.

तुला आठवते, आपण दोघे कोणतेही यंत्र उघडण्याआधी त्याचा प्रत्येक भाग वहीत काढायचो. तसेच केले. मग गंज. जाम झालेल्या नटांवर हातोडा चालवायचा नाही, हे तू मला शिकवलेस. डिझेल आणि जुने इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून आठवडाभर मुरू दिले, मग नट तापवला, पूर्ण थंड होऊ दिला, पुन्हा तापवला. तिसऱ्या वेळी तो स्वतःहून सैल झाल्यासारखा फिरला. लहान भागांसाठी विजेचा उपाय केला. गुरांना पाणी पाजायच्या प्लॅस्टिकच्या टाकीत कपडे धुण्याचा सोडा विरघळवायचा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार भंगारातल्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटते. बारीक बुडबुडे येऊ लागतात, गंजाची काळी साय होऊन ती ब्रशने निघते, आणि खाली पोलाद जसेच्या तसे उरते. एकूण खर्च सोड्याचे दोन युरो. मी इतका रमलो की, हाइकेबाई रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन टाकीपाशी येत आणि विचारत, काय, हेर इंजेनिअर, आज सूप शिजले का.

फाळांची टोके झिजून बोथट झाली होती. भंगारवाल्याकडून एका मालवाहू गाडीचा कमानपाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची पट्टी, बारा युरोला आणला आणि त्याचे तुकडे टोकांवर जोडले. कमानपाट्याचे पोलाद वेल्डिंगनंतर झटकन थंड झाले तर काचेसारखे फुटते, म्हणून ते गरम असतानाच चुलीच्या कोरड्या राखेत पुरून ठेवले. इथपर्यंत सर्व शास्त्रशुद्ध होते. मग मी उत्साहाच्या भरात सगळा नांगर रंगवला, माती उलटवणाऱ्या वक्र पात्यांच्या आतल्या बाजूसकट, दोन हात निळा रंग. बाई आल्या, पात्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, छान, भिंतीवर टांगू या. माती ज्या पृष्ठावरून सरकते ते उघडे आणि आरशासारखे हवे. रंगावर ती चिकटते आणि नांगर मातीचा गोळा ओढत राहतो. दोन दिवस मी तो रंग खरवडत होतो. उल्काने फोटो काढून क्षितिजाला पाठवला. लेकीचे जर्मनमध्ये उत्तर आले, बाबांना शेवटी कोणीतरी नापास केले तर.

ही चूक हसण्यावारी गेली. दुसरी जाणार नव्हती. या नांगराचा प्रत्येक फाळ दोन बोल्टांवर धरलेला असतो. एकाभोवती तो फिरू शकतो, दुसरा त्याला जागेवर ठेवतो. दोन्ही फाळांचा हा दुसरा बोल्ट कुठेतरी हरवलेला होता. माझ्या पेटीत कारखान्यातले जुने बोल्ट होते, सर्वांत उच्च दर्जाचे, फुकट. ते बसवले आणि काम संपले असे जाहीर केले. हाइकेबाईंनी चष्मा लावून बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचले आणि म्हणाल्या, हा तुटणार नाही. मी अभिमानाने म्हणालो, अगदी बरोबर. त्यावर त्यांनी विचारले, मग काय तुटेल.

मग त्यांनीच सांगितले. इथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि दरवर्षी खालचे दगड वर ढकलते. गेल्या साली नव्हता तिथे यंदा पाटा-वरवंट्याएवढा दगड असतो. बाईंच्या दिराने एकदा असाच भक्कम बोल्ट घातला होता. नांगर दगडाला अडकला, चौकट वाकली, ट्रॅक्टरला हिसका बसला आणि स्टीअरिंगवर आपटून त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. बाईंनी फळीवरून जॅमची बरणी काढली. तिच्यात कमी दर्जाचे, त्याच मापाचे बोल्ट भरलेले. मी वर जाऊन हिशेब मांडला. माझ्या बोल्टने त्यांच्या बोल्टच्या दीडपट भार सोसला असता आणि चौकट त्याच्या पुष्कळ आधी गेली असती. मी उतरून गेलो, आणि दोन्ही बोल्ट स्वतःच्या हाताने बदलले.

गेल्या शनिवारी नांगर रानात गेला. ट्रॅक्टरवर बाई, मागे मी पायी. पहिली तीन तासे, म्हणजे नांगराच्या सऱ्या, इतकी सुरेख पडली की मला ओरडावेसे वाटले. माती पात्यावरून पाण्यासारखी वळत होती. चौथ्या सरीत बंदुकीसारखा आवाज झाला. मागचा फाळ दगडाला अडून मागे झुकला, ट्रॅक्टर जरासा कचरला आणि थांबला. बस्स. बाई आपल्या जागेवर ताठ बसलेल्या. मान न वळवता त्यांनी तळहात मागे केला आणि दुसरा बोल्ट मागितला. दहा मिनिटांत आम्ही पुढे निघालो. म्हणजे त्या निघाल्या. मी मात्र सरीच्या कडेला बसून राहिलो. त्र्याहत्तर वर्षांची बाई त्या सीटवर होती आणि तिने चष्मा लावला नसता तर, हे मला एकदम दिसले. सुटलो, एवढाच शब्द मनात होता. संध्याकाळपर्यंत पाच एकर नांगरून झाली, तीनशेपैकी एक्केचाळीस युरो उरले आणि दुसऱ्या दिवशी मला कित्येक महिन्यांनी दुपारची झोप लागली.

आता मूळ गोष्ट. तुझ्या प्रेसमधली, तूच आखलेली सुरक्षेची पिन महिन्यात चार वेळा तुटली, आणि मी अहवालात लिहिले की पिनचे आरेखन सदोष आहे. तेव्हा मला खरेच तसे वाटले होते, आणि तेवढ्यापुरता मी केवळ चुकलेला होतो. पण कारखान्याने पिन जाड केल्यावर आठ महिन्यांनी गिअरबॉक्सचे कवच तडकले. सुदैवाने जेवणाची सुट्टी होती, शेजारी कोणी नव्हते. शाफ्ट सुरुवातीपासून वाकडा बसवला होता, आणि तुझी पिन चारही वेळा तेच सांगत होती. हे सगळे मला व्यवस्थापकांच्या पत्रातून हॅनोव्हरमध्ये कळले, फोटोसकट. मी ते पत्र वाचले, समजले, आणि कोणालाही दाखवले नाही. हे तुला आजवर माहीत नव्हते, म्हणून हे पत्र. सोबत दोन पाने आहेत: त्या अहवालाची दुरुस्ती, माझ्या सहीची. कारखाना ज्यांनी विकत घेतला त्यांना आणि तेव्हा माझ्याबरोबर सही करणाऱ्या दोघांना प्रती काल टपालाने गेल्या. त्यामुळे तू काहीही उत्तर दिलेस, किंवा दिले नाहीस, तरी आता ते मागे घेता येणार नाही, आणि याचेच मला हलके वाटते आहे. दुसऱ्या पानावरचे वाक्य तुला इथेच लिहितो, म्हणजे तू ते शोधत बसणार नाहीस: निष्कर्ष क्रमांक चार चुकीचा आहे, श्री. विलास यांनी आरेखित केलेली पिन ठरल्या भाराला, ठरल्या जागी तुटली.

तुझाच,
देवदत्त