नातीने दिलेली संथा

अप्पा, तुमच्या नातीविरुद्ध तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे: आपल्या घरातून लोणचं हद्दपार झालं. तिच्या मूत्रपिंडांना मीठ सोसत नाही, म्हणून तिच्या आईने सगळ्यांचंच मीठ तोडलं. परवा ऑफिसातून निघून कोपर्निकस मार्गावरच्या मराठी जेवणाच्या कँटीनमध्ये मी गुपचूप थाळी जेवून आलो, तर गुरुग्रामच्या घरात पाऊल टाकताच ही म्हणाली, "बाबा, तू ठेचा खाल्लास ना? यार, धिस इज चीटिंग!" संस्कृतची शब्दरूपं चुकलो की तुम्ही बघायचात, तश्शी बघत होती. ती नजर तिने कुठून उचलली कोण जाणे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

दुखणं ल्युपसचं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच उलटते. आधी गालांवर लाली आली, सांधे दुखले. मग लघवीला फेस यायला लागला. आत किती इजा झाली हे बघायला पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढतात. ते एकदा करून झालंय, पुन्हाही करावं लागेल म्हणतात.

गेल्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, संशोधनासाठी रक्ताची एक नळी जास्त घेऊ का? मी लगेच मान डोलावली. हा आज्ञाधारकपणा तुमचाच. सकाळी स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटत असताना, तुम्ही संथा द्यायचात: एक चरण तुम्ही एकदा म्हणायचा, मी दोनदा. अर्थ विचारला की, "आधी पाठ कर. अर्थ कुठे पळून जात नाही." ही मात्र बाही वर करायच्या आधीच म्हणते, "पहले बताइए, इससे करेंगे क्या?" बाई हसतात, स्टूल ओढून बसतात. रक्तात मायक्रोआरएनए नावाचे अगदी छोटे तुकडे असतात, सांगतात. ते स्वतः प्रथिनं बनवत नाहीत, प्रथिनं बनवायचे दुसऱ्यांचे निरोप दाबून ठेवतात. ल्युपस झालेल्या मुलांच्या रक्तात त्यांतले काही वाढतात, काही घटतात. त्यावरून मूत्रपिंडाची सूज पाठीतल्या त्या सुईशिवाय ओळखता येईल का, ते शोधायचं आहे. "पर बेटा, अभी पक्का कुछ नहीं। तुम्हें इसकी रिपोर्ट भी नहीं मिलेगी। मना कर सकती हो।" ही बाही वर करते. मग हात पुढे करते. "ले लीजिए। किसी को तो सुई से छुट्टी मिले।"

परतताना गाडीत तिने मला धरलं. "कळलं तुला? नाही ना? मग म्हण." तुमच्या संथेची गोष्ट मीच तिला कधीतरी सांगितली होती. ती एक वाक्य म्हणे, मी दोनदा, अडखळलो की "पुन्हा!" ड्रायव्हर आरशातून बघत होता. तुमची पद्धत तिने ठेवली आणि तुमचा नियम मोडला, अप्पा: अर्थ आधी, पाठ मग. एम.ए.च्या सुवर्णपदकाचाही मला एवढा अभिमान वाटला नव्हता, आणि ते पदक मी आल्यागेल्याला किती दाखवायचो ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहवतंय. घरात मी सगळ्यांना सांगतो, औषधं लागू पडतायत, काळजी नको. पुढच्या आठवड्यात तिचा लघवीचा रिपोर्ट यायचा आहे. तिची मूत्रपिंडं टिकतील की नाही, मला माहीत नाही, आणि मला फार भीती वाटते.