बाक परत रांगेत

८ जुलै
घराजवळ बदलीचा आदेश येऊन महिना झाला. तरी कार्यमुक्त करत नाहीत! केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्ग नमुना म्हणून दाखवायचाय. जिल्ह्याहून साहेब येऊन जाऊ द्या, मग सोडतो." म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. बाक भिंतीला लावले, मधे चटया टाकल्या, चिंचोक्यांचा कोपरा केला — ज्याला जसं जमतं तसं त्याने शिकावं म्हणून. योहानला बसून वाचताच येत नाही. त्याला खिडकीचा कट्टा दिला — उभा राहून धडाधड वाचतो. आता हेच सगळं मला नवापूरच्या या डोंगरात अडकवून बसलंय.

११ जुलै
घरून, प्रकाशा गावाहून, यांचा फोन. आमचा भाग्येश पहिलीत बाकावर टिकत नाही म्हणे. "आज बी वर्गना बाहेर उभं करं त्याले. तू कव्हय येशी?" माझं पोर बाहेर उभं, आणि मी इथे दुसऱ्यांच्या पोरांना चटया अंथरतेय. रडू आलं.

१५ जुलै
साहेबांची भेट पुढे ढकलली. पुन्हा!

१९ जुलै
डोकं फिरलं. बाक परत रांगेत लावले, चटया गुंडाळल्या. नमुनाच राहिला नाही तर मला धरून ठेवतील कशाला? योहान मधल्या बाकावर अडकून बसला. पुस्तक उघडं, तोंड बंद. रविना म्हणाली, "मॅडम, आम्ही काय केलं?" तिला फळा पुसायला लावलं.

२२ जुलै
साहेब आले. दारातूनच म्हणाले, "यात बघण्यासारखं काय आहे?" केंद्रप्रमुखांचा चेहरा उतरला. मला आनंद झाला — आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. साहेबांनी योहानला वाचायला सांगितलं. तो उठला, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत बसला.

२४ जुलै
सुटले! केंद्रप्रमुखांनी कार्यमुक्त केलं. एवढंच म्हणाले, "चांगला वर्ग मोडलात मॅडम." मुलं फाटकापर्यंत आली. योहान नाही आला.

२८ जुलै
घराजवळच्या शाळेत रुजू झाले. भाग्येशचं नाव माझ्याच वर्गात घातलं. बाकावर चुळबुळत होता. म्हटलं, थांब, आधी हे बाक भिंतीला लावू. जोर लावला — हलेना. खिचडी शिजवणाऱ्या भिकुबाई दारातून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मॅडम. बाकना पाय सिमेंटमा पक्का करेल शेतस."