मधल्या दाराची केबिन मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रवासी आरक्षण अधिकारी,
सागररेखा क्रूझ, मुंबई कार्यालय.

अर्जदार : प्रदीप रामजी तायडे, डिंडोली, सुरत.

विषय : मुलांची केबिन तीन मजले खाली गेल्याने, मधले दार असलेल्या दोन केबिनी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने स्वतःच्या हाताने चुकीचा भरलेला आरक्षण फॉर्म.

महोदय,

१. सदर अर्जदार पांडेसरा येथील डाइंग मिलमध्ये कलर मास्तर असून, रंगाच्या कंपनीने त्यास चार रात्रींची जहाजाची सहल सहकुटुंब बक्षीस दिली आहे. कुटुंबात पत्नी जागृती, मुलगी वृषाली व चौदा वर्षांचा मुलगा धम्मरत्न आहेत. यांपैकी कोणीही समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेले नाही, तेही डुमसच्या किनाऱ्यावर.

२. फॉर्म इंग्रजीत होता. त्यातील 'कनेक्टिंग' हा चौकोन मोबाईलच्या कनेक्शनबद्दल असावा, असे अर्जदारास वाटले. पोरांची मुंडी चार दिवस तरी वर निघावी या सद्हेतूने त्याने तेथे ठळक अक्षरांत 'नो' लिहिले आणि घरी येऊन ही हुशारी पत्नीस सांगितली. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन केबिनींच्या मधले दार, हे तिकिटे हाती आल्यावर कळले. आता अर्जदार व पत्नी आठव्या मजल्यावर आणि मुले पाचव्या मजल्यावर, जहाजाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. वृषालीस गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाल्याने तिला सज्ञान धरून धम्मरत्नास तिच्या जबाबदारीवर दिलेले आहे. सुरतच्या एजंटकडे विचारणा केली असता त्याने हसून, "काका, छोकरी मोटी थई गई, हवे शेनुं टेन्शन?" असे उत्तर दिले. छोकरी मोठी झाली, हे अर्जदारासही मान्य आहे; आता टेन्शन कसले, हे मात्र नाही.

३. टेन्शन पुढीलप्रमाणे. अर्जदाराने आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरून पहिल्यापर्यंत धावत उतरून वेळ मोजली. पहिल्या खेपेस अठ्ठावन्न सेकंद लागले. दुसऱ्या खेपेस गुडघा धरला. तिसऱ्या खेपेस शेजारच्या रंजनाबाईंनी पाणी आणून दिले व कोण वारले, असे विचारले. यात जहाजाची लांबी धरलेली नाही. जहाज हलत असेल, सगळी दारे सारखीच दिसत असतील, आणि दार उघडायचे कार्ड आतल्या माणसाजवळ असेल. आतले माणूस उठूच शकले नाही तर काय, याचे उत्तर एजंटकडे नव्हते.

४. आता जे फॉर्मवर लिहिले नाही, ते अर्जदार येथे लिहून देत आहे. वृषालीस चौदाव्या वर्षापासून फिट येते. आजवर नऊ वेळा आली. गोळ्या चालू आहेत, शेवटची फिट येऊन चौदा महिने झाले व डॉक्टरांची प्रवासास परवानगी आहे. मात्र प्रवास समुद्रातून आहे हे त्यांना सांगण्याचा धीर अर्जदारास झाला नाही. फॉर्मवरील 'आजार' या रकान्यात त्याने 'नाही' लिहिले. पुढे स्थळे येतील तेव्हा कोणाच्या कानावर जाईल, ही भीती. घरात मोरीची आतली कडी काढून टाकली आहे. वृषाली आंघोळीला गेली की तिची आई बाहेर उभी राहून उगाच काहीबाही विचारत राहते, आणि उत्तराला उशीर झाला की दार ढकलते. मिलमध्ये फोन वाजला, मग तो कोणाचाही असो, अर्जदार हातातले काम टाकून धावतो.

५. वेगळी केबिन मिळाल्याचे ऐकून वृषाली मात्र इतकी खूश झाली की अर्जदार घाबरला. ती म्हणाली, "पप्पा, चार दिवस मला दार लावून झोपू द्या ना." चार वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितले नव्हते. सबब, केबिनी बदलून मिळाव्यात, मधले दार चोवीस तास उघडे राहावे व ते मुलांना बंद करता येऊ नये, अशी विनंती होती.

६. 'होती' म्हणण्याचे कारण असे की, येथपर्यंतचा अर्ज वृषालीने टाइप केला आहे. परिच्छेद चार व पाच अर्जदार तिच्या नकळत मागाहून जोडणार होता. पण ते लिहिलेला कागद तिला त्याच्या शर्टाच्या खिशात सापडला. तिने एक शब्दही न बदलता तो टाइप केला. मग आरोग्याचा नवा फॉर्म घेऊन 'आजार' या रकान्यात स्वतःच्या हाताने 'अपस्मार' असे लिहिले व सही केली. अर्जदाराने विचारले, आम्ही जवळ नसताना आली तर? त्यावर धम्मरत्न म्हणाला, "पप्पा, मी असतो ना. मला येतं तिला कुशीवर वळवता. तुम्ही घरी नसताना दोनदा वळवलंय. दुसऱ्यांदा तर या उन्हाळ्यातच." म्हणजे नऊ नव्हे, अकरा. चौदा महिनेही नव्हेत. का सांगितले नाही, असे विचारता वृषाली म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला कॉलेजला तरी जाऊ दिलं असतं का?" दुसऱ्या दिवशी चौघेही डॉक्टरांकडे गेले व सर्व खरे सांगितले.

७. तरी आता सुधारित विनंती की, मधले दार असलेल्या केबिनी मिळाव्यात. दार मुलांच्या बाजूने बंद होत असल्यास अर्जदाराची हरकत नाही. वृषालीची अट एकच आहे, "आत येताना आधी वाजवा." अर्जदार लिहून देतो की तो दार वाजवील व आतून उत्तर येईपर्यंत थांबेल. किती वेळ त्यास थांबवेल, हे मात्र आज लिहून देता येत नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
नम्र अर्जदार,
(सही)
प्रदीप रामजी तायडे
सुरत, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) वृषाली प्रदीप तायडे हिच्या सहीचा आरोग्य फॉर्म.
२) डॉक्टरांचे नवे पत्र. अकरा वेळा व समुद्र, दोन्ही सांगून घेतलेले.