मोठ्याने बोलायचा व्यायाम

ती. ताईस,

वाकून नमस्कार. वाकता येतं अजून, तेव्हा उगाच काळजी करू नकोस.

लेकीकडे माझं छान चाललंय. पार्किन्सन्सच्या गोळ्या ती सकाळीच डबीत भरून ठेवते, त्यामुळे हाताची थरथर आटोक्यात आहे. बसलं की पायांत मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, एका जागी बूड टेकवत नव्हतं. नव्या औषधाने तेही बरंच कमी झालंय. तुझे गुडघे काय म्हणतात?

या आजारात आवाजही खोल जातो. थेरपीच्या बाईंनी सांगितलंय, रोज अर्धा तास मोठ्याने बोला. पण बोलू कुणाशी? लेक-जावई दिवसभर कामावर. मग मी तुझ्याशीच भांडते. आईच्या बांगड्यांवरून आपली जुंपली होती ना, तेच भांडण. तुझ्या वाटचंही मीच बोलते आणि दर वेळी मीच जिंकते!

काल अगदी रंगात आले होते, तेवढ्यात शेजारीण धावत आली. "सगळं ठीक आहे ना? कोण भांडतंय तुमच्याशी?" म्हणत माझ्या मागे डोकावली. खोलीत कोणीच नव्हतं. मी हसले, तीही हसली. पण जाताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून उभी राहिली.

परवा फोनवर तू "हॅलो, हॅलो, कोणी बोलतच नाही" म्हणालीस आणि ठेवून दिलास. मी बोलत होते, ताई. भांडताना चढतो तसा आवाज फोनवर काही चढत नाही. रविवारी पुन्हा करीन. आवाज पोचला नाही तरी लगेच ठेवू नकोस. तूच काहीबाही सांगत राहा. मी असते गं पलीकडे.

तुझीच,
धाकटी