ठमी बरी हाय

६ नोव्हेंबर

आज सामान लावताना सारखी दीपाची आठवण येत होती. वसतिगृहात रविवारी दुपारी आम्ही दोघी बहिणी जेवणघराच्या लांब टेबलाशी बसून घरी पत्रं लिहायचो. पाकीट उघडंच सिस्टर अ‍ॅग्नेसच्या हाती द्यायचं. त्या वाचायच्या आणि मग चिकटवायच्या. एकदा दीपाने लिहिलं की इथली आमटी म्हणजे नुसतं पाणी असतं. सिस्टरने तिचं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि पत्र तसंच पाठवलं. आम्ही आठवडाभर हसत होतो.

म्हणूनच की काय, इंद्रजीत सरांनी नोकरी पक्की करताना माझ्या फेसबुकचा पासवर्ड मागितला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. ते या रसायनांच्या कंपनीचे व्यवस्थापक, फार अदबीने बोलतात. कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाकडून पासवर्ड घेतात म्हणाले. माझ्यापुढे एक जण का-कू करत होता, त्याचे कागद तिथेच परत केले. मी मात्र हसत सरांना सिस्टरची गोष्ट सांगितली आणि पासवर्ड लिहून दिला.

माझं शुद्ध मराठी त्यांना आवडलं. या वयात कुणी नोकरी देतं हेच नवल. खोली घिवलीला, कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये आहे. खिडकीतून समुद्र आणि वाळत घातलेले बोंबील दिसतात. बोईसरच्या ऑफिसला ने-आण करायला गाडी आहे. दीपाला लिहिलं, तुझी चंद्रा आता कमावती झाली.

१२ नोव्हेंबर

काम गोड आहे. प्लँटमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत, ठिणगीची भीती. मग कामगारांच्या घरून निरोप आले की उत्तर आम्ही द्यायचं, त्यांच्याच खात्यावरून, त्यांच्याच नावाने. जेवलो, बरा आहे, काळजी करू नका. पासवर्ड त्यासाठी, असं सर म्हणाले.

शेजारच्या टेबलावर सपना बसते. चुणचुणीत पोर आहे, मला मावशी म्हणते. पहिल्याच दिवशी मी ठमी नावाच्या एका कामगार मुलीच्या आईला लिहिलं, 'मी सुखरूप आहे, प्रकृतीस जपावे.' सपना पोट धरून हसली.

"मावशी, तुम्ही ठमीला एका रात्रीत कॉन्व्हेंटमध्ये घातलंत."

ज्याचं त्याच्यासारखं लिहायचं, असं तिने समजावलं. ठमी जव्हारपलीकडच्या पाड्यावरची. तिचे जुने निरोप वाचून काढले. ती 'आहे' कधीच लिहीत नाही. 'आये, जेवली. मी बरी हाय.' एवढंच, पण किती जिवंत. दामू म्हणून एक दातिवऱ्याचा मुलगा आहे, तो शेवटी फुलं टाकतो. प्रत्येकाची लकब मला आता येते.

३ डिसेंबर

ठमीच्या आईचं नाव काशीबाई. त्यांना वाचता येत नाही. शेजारचा प्रदीप आमचे निरोप त्यांना वाचून दाखवतो आणि त्यांचं बोलणं आवाजात पाठवतो. त्या कोंबड्यांबद्दल सांगतात, नागलीबद्दल सांगतात. मध्येच खोकला. आज म्हणाल्या, "ठमे, निसती लिवतंस. आवाज टाक गो कदी. कान तरसलं."

मला भरून आलं. लिहिलं, 'आये, हितं आवाज नाय टाकू देत. होळीला येते. मी बरी हाय.'

मग वाटलं, आपणच जाऊन ठमीला भेटावं आणि आईचा आवाज ऐकवावा. बाजारातून तिच्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या. सर म्हणाले, तिची दुसऱ्या युनिटला बदली झालीय, बांगड्या ठेवून जा, पोचवतो.

१८ डिसेंबर

बांगड्या अजून सरांच्या खिडकीत तशाच आहेत, कागदासकट.

सपनाला विचारलं. ती की-बोर्डवरून बोटं न उचलता म्हणाली, "ठमी दिवाळीआधीच गेली ना."

कुठे गेली, असं मी विचारलं. सपनाने बोटं उचलली. माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत राहिली.

"गेली म्हणजे गेली, मावशी."

मग तिनेच सांगितलं. मी येण्याआधीच. टाकी साफ करायला तिघी आत उतरल्या होत्या. आतल्या वायूने तिथेच संपल्या. घरी कळवलं असतं तर माणसं दारात बसली असती, पोलीस आले असते. म्हणून कळवलं नाही. होळीपर्यंत निरोप चालू ठेवायचे, मग कुणाबरोबर तरी पळून गेली असं लिहून खातं बंद करायचं.

मी दामूबद्दल विचारलं. ती म्हणाली, तुमच्याकडे दिलेली खाती सगळी तशीच, गेलेल्यांची. जिवंत असतात त्यांचं मी बघते.

बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. दामूच्या आईला मी काल फुलं पाठवली होती.

१९ डिसेंबर

ऑफिसच्या संगणकावर माझं फेसबुक उघडत नाही. पासवर्ड चुकीचा आहे म्हणतं. माझा फोनही काल गेटवर ठेवून घेतला, आता ऑफिसातही चालत नाही म्हणून. दीपाचा नंबर तोंडपाठ नाही. कुणाचाच नाही.

ठरवलंय. काशीबाईंना कळवायचं. आपलं लेकरू आहे की नाही, एवढं तरी आईला कळायला हवं.

२० डिसेंबर

सपना चहाला गेली तेव्हा लिहिलं. घाईत जसं आलं तसं लिहिलं. 'काशीबाई, आपली ठमी आता या जगात नाही. दिवाळीपूर्वी कारखान्यातील अपघातात तिचा मृत्यू झाला. आजवर तिच्या नावाने मीच लिहीत होते. क्षमा असावी. कृपया पोलिसांकडे जावे.'

दुपारी काशीबाईंचा आवाज आला. रडणं नव्हतं, राग होता.

"कोन हाय गो तू? माझे पोरीचा फोन चोरून काय पन लिवतंस? ठमी असा नाय लिवत. फोन दे तिला."

पुन्हा लिहायला घेतलं तर खातं बंद. माझ्यासमोरून काढून घेतलं.

खोटं लिहिलं ते तिच्या बोलीत, म्हणून काशीबाईंना पटलं. आणि खरं मात्र माझ्या—

२१ डिसेंबर

काशीबाईंनी प्रदीपकरवी कंपनीला फोन केला. पोरीचा फोन कुणीतरी चोरलाय, तिला त्रास देतंय, तुम्ही मोठी माणसं आहात, बघा जरा. हात जोडून सांगितलं म्हणे. हे इंद्रजीत सरांनीच मला सांगितलं, हसत. त्यांनी म्हातारीला धीर दिला. चोर सापडला म्हणाले. लगेच सपनाकडून ठमीचा निरोपही पाठवला. 'आये, फोन गावला. मी बरी हाय.' काशीबाई कंपनीला आशीर्वाद देत होत्या.

मला रागावले नाहीत. चहा मागवला माझ्यासाठी.

२३ डिसेंबर

सपना आज फार प्रेमाने बोलत होती. दीपाताईंना काय लिहिता सुरुवातीला, 'प्रिय' की 'लाडके'? सणाला फोन करता की नुसतं लिहिता? त्या चिडल्या तर तुम्ही कशा समजूत काढता?

मी विचारलं, कशाला हवंय तुला हे.

ती खाली बघत होती. "तुमचं खातं माझ्याकडे आलंय, मावशी. कालपासून."

तिच्या स्क्रीनवर माझा फोटो. खाली दीपा. दीपाने लिहिलं होतं, 'किती वर्षांनी अशी मोकळी बोललीस गं चंद्रा. वाचून बरं वाटलं.'

बरं वाटलं तिला.

त्याच्या वर, माझ्या नावाने— इथेच राहायचं ठरवलंय. फोन लागत नाही, काळजी करू नकोस—

ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं.

२४ डिसेंबर

गेस्टहाऊसचं दार बाहेरून बंद. खिडकीतून बोंबील वाळवणाऱ्या बायकांना हाका मारल्या. रखवालदाराने त्यांना काहीतरी सांगितलं. त्या माझ्याकडे बघून मान हलवत राहिल्या. आजारी बाईकडे बघतात तशा.

सरांचा निरोप, उद्या सकाळी प्लँट दाखवतो. ठमीला भेटायचं होतं ना तुम्हाला, ती काम करायची ती जागा तरी बघा.

२५ डिसेंबर, सकाळ

गाडी आलीय. ही वही गादीखाली ठेवतेय. ज्याला सापडेल त्याने—

सोन्याची साखळी दीपाच्या मुलीला. चष्मा कुणा गरजूला, काचा नव्या आहेत.

लोकरी शाल सपनाला. एसीमध्ये काकडते पोर. तिच्यावर राग नाही. तिचाही पासवर्ड यांच्याकडेच आहे.

दामूच्या आईला माझी पितळी समई द्या, आणि खरं ते सांगा.

दीपाला— तिला या वहीतलं एक तरी पान दाखवा. माझं अक्षर ती—

जिन्यावर आलेत.

काशीबाईंना काही लिहून पाठवू नका. कुणीतरी पाड्यावर जा. त्यांच्यातलंच कुणी. अंगणात बसा, आधी प्यायला पाणी मागा, कोंबड्यांचं विचारा, आणि मग त्यांचा हात धरून त्यांच्याच बोलीत—